सार्वमताचे चार प्रकार: निवड करताना काय पाहावे?

नागरिकांना कायद्यांवर थेट मताचा अधिकार द्यावा की नाही, यावरच बहुतेक चर्चा अडते. खरी निवड मात्र मतपत्रिकेवरचा प्रश्न कोण ठरवणार आणि निकालानंतर कायदेमंडळाच्या हाती काय उरणार, याची असते.

स्वित्झर्लंडमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याविरुद्ध 100 दिवसांत 50,000 सह्या गोळा झाल्या, की तो मतदानाला टाकावाच लागतो. या धास्तीमुळे मसुदा तयार होतानाच विरोधकांशी तडजोड केली जाते, आणि माझ्या मते हाच या तरतुदीचा सर्वांत मोठा लाभ आहे. संविधानदुरुस्तीचा प्रस्ताव तेथे नागरिकही मांडू शकतात. त्यासाठी 18 महिन्यांत 1,00,000 सह्या आणि पुढे मतदार व कॅन्टन (तेथील घटक राज्ये) या दोहोंचे बहुमत लागते. मात्र याच वाटेने 2009 साली नव्या मिनारांच्या बांधकामावर बंदी आली, त्यामुळे अल्पसंख्याकांच्या हक्कांचे रक्षण केवळ दुहेरी बहुमतावर सोपवता येत नाही.

कॅलिफोर्नियात 1911 पासून नागरिकांना थेट कायदा करता येतो आणि त्या कायद्यातच मुभा नसेल, तर मतदारांना पुन्हा विचारल्याशिवाय विधिमंडळ तो बदलू शकत नाही. 1978 च्या प्रस्ताव 13 ने मालमत्ता कर 1 टक्क्यावर आणि घराच्या करपात्र मूल्यातील वाढ वर्षाला कमाल 2 टक्क्यांवर रोखली; घर विकले गेले की मात्र मूल्यांकन नव्याने होते. परिणामी, एकाच गल्लीतील दोन सारख्याच घरांवर, ती कधी विकत घेतली त्यानुसार, अगदी वेगवेगळा कर पडतो. पैशाचा जोरही येथे उघड दिसतो: चालकांना कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानणाऱ्या 2020 च्या प्रस्ताव 22 साठी ॲपवर चालणाऱ्या वाहतूक व घरपोच सेवांच्या कंपन्यांनी 20 कोटी डॉलरहून अधिक खर्च केला.

आयर्लंडमध्ये संविधानदुरुस्ती आधी संसदेत संमत होते, मगच ती जनतेपुढे जाते. गर्भपाताच्या प्रश्नावर सोडतीसारख्या पद्धतीने निवडलेल्या 99 नागरिकांनी तज्ज्ञांची बाजू ऐकून शिफारशी केल्या, संसदीय समितीने त्या तपासल्या, सरकारने संभाव्य कायद्याची रूपरेषा जाहीर केली आणि त्यानंतर 2018 मध्ये 66.4 टक्के मतदारांनी बदलाला संमती दिली. ब्रिटनच्या 2016 च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडायचा की नाही एवढेच विचारले गेले, कसा सोडायचा हे मतपत्रिकेवर नव्हतेच. त्यावर पुढे संसदेत वर्षानुवर्षे वाद चालला.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी स्वित्झर्लंडचा 100 दिवसांचा नियम आधी स्वीकारावा आणि मूलभूत बदलांसाठी आयर्लंडची पद्धत जोडावी, असे मला वाटते. इटलीत कायदा रद्द करण्यासाठीच्या सार्वमतात निम्म्याहून अधिक मतदारांनी भाग घेतला नाही, तर निकाल ग्राह्य धरला जात नाही; तशी अट मात्र घालू नये. कारण तेथे कायदा रद्द होऊ नये असे वाटणाऱ्यांना विरोधी मत देण्यापेक्षा घरी बसणेच अधिक सोयीचे ठरते.