सत्तरीनंतरचा कर्करोग: आयुष्मान कार्ड की खासगी पॉलिसी?

बायोप्सीचा अहवाल हातात पडल्यावर नवी खासगी पॉलिसी शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणे होय. कंपनी बहुधा नकार देते, आणि दिलीच तर आधीच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षा लावू शकते. याउलट ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्यांना, उत्पन्न न पाहता, आधार कार्डावरून मिळणारे सरकारी आरोग्य योजनेचे आयुष्मान वय वंदना कार्ड जुना आजारही पहिल्या दिवसापासून स्वीकारते. मात्र त्यावर उपचारांसाठी मिळणारे वर्षाचे ५ लाख रुपये घरातील सत्तरीपुढच्या सर्वांत मिळून असतात, ते योजनेशी संलग्न रुग्णालयांतच चालतात आणि ओपीडीचा खर्च त्यात येत नाही. म्हणूनच, माझ्या मते, जुनी खासगी पॉलिसी असलेल्यांनी ती मुळीच बंद करू नये. दोन्ही सोबत ठेवता येतात.