क्रोशेचा ऑनलाइन कोर्स, काही महिने वापरून: तीन साखळ्यांनी खाल्लेलं डोकं

हा रिव्ह्यू आधी एकदा लिहून ठेवला होता. त्यात दोन स्टार होते आणि भाषा जरा जास्तच कडक होती. मग कोर्समधले लाइव्ह 'क्रिएटिव्ह क्लास' सुरू झाले आणि अर्धा रिव्ह्यू बदलावा लागला. उरलेला अर्धा तसाच ठेवलाय, कारण कंपनीनेही तिच्या चुका अर्ध्याच दुरुस्त केल्या आहेत.

अशा कोर्सचा साचा आता सगळ्यांना माहीत आहे: रेकॉर्ड केलेले धडे, सोबत पीडीएफ पॅटर्न, घरपोच किट आणि अधूनमधून लाइव्ह क्लास. त्यामुळे त्यात शिरत नाही.

आधी किट. सुई 5 मिमीची, ॲल्युमिनियमची, रबरी मुठीची. लोकर 4 नंबरची ॲक्रिलिक. क्राफ्ट यार्न कौन्सिल या अमेरिकन लोकर-उद्योगाच्या संस्थेच्या तक्त्यात या जाडीच्या लोकरीला 5.5 ते 6.5 मिमीची क्रोशे सुई सुचवली आहे. नवशिका तर मुळातच आवळून विणतो. त्याला 5 मिमीची सुई दिली की पहिली साखळीच इतकी कडक होते की पुढच्या ओळीला सुई आत शिरत नाही. थोडी मोठी सुई द्यायला यांचं काय जात होतं? त्यात लोकरीचा रंग गडद निळा. जाहिरातीच्या फोटोत फार देखणा दिसतो. पण टाक्याच्या माथ्यावर जो व्हीसारखा आकार असतो त्यावरच सगळी मोजणी चालते, आणि गडद लोकरीत नेमका तोच दिसत नाही. शिकायला फिकट रंगाची, गुळगुळीत, तंतू न सुटणारी लोकर हवी. मी शेवटी एक जुना क्रीम रंगाचा स्वेटर उसवला. लोकर ओली करून, खाली वजन लटकवून वाळवली की तिचा कुरळेपणा बराच जातो. ॲक्रिलिकला इस्त्री मात्र टेकवू नका, लोकर मरते आणि तिची उभारी परत येत नाही. किटमधले टाक्यांवर खूण करायचे मार्कर अजून पाकिटातच आहेत, सेफ्टी पिन तेच काम करते.

सुईची रबरी मूठ काही आठवड्यांत सैल होऊन गोल फिरायला लागली. तक्रार केल्यावर कुरकुर न करता नवीन सुई पाठवली, त्याबद्दल आभार. नवीन सुईची मूठही आता फिरते.

आता मुख्य तक्रार. वाचणाऱ्याला ती क्षुल्लक वाटण्याची शक्यता आहे. मला ती तशी वाटत नाही.

कोर्समधला दुसरा पॅटर्न मफलरचा आहे. 20 टाके रुंद, डबल क्रोशेच्या सरळ ओळी. डबल म्हणजे आपला खांब. कोर्स अमेरिकन नावं वापरतो आणि तसं पहिल्याच पानावर लिहिलंय, ते फार बरं केलं. अमेरिकन सिंगल म्हणजे ब्रिटिश डबल आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, त्यामुळे हे न सांगता दिलेल्या पॅटर्नमध्ये टाक्याची उंचीच बदलते. इतकी काळजी घेणाऱ्यांनी मफलरची ओळ कशी लिहावी? तर अशी: "ओळ 2: 3 साखळ्या, वळा, प्रत्येक टाक्यात 1 डबल. (20)". संपलं.

त्या 3 साखळ्या खांब म्हणून मोजायच्या की नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही.

खांब उंच असतो, म्हणून नवी ओळ सुरू करताना आधी तेवढ्या उंचीवर जावं लागतं. सिंगलला 1 साखळी, हाफ-डबलला 2, डबलला 3, ट्रेबलला 4. डबलमध्ये रूढ पद्धत अशी की त्या 3 साखळ्या हाच ओळीचा पहिला खांब. मग त्यांच्या बुडाशी असलेला टाका सोडून पुढच्या टाक्यात खांब घालायचा, आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला शेवटचा खांब मागच्या ओळीच्या 3 साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत घालायचा. काही डिझायनर याच्या उलट जातात. ते साखळ्या मोजत नाहीत, पहिला खांब बुडाच्या टाक्यातच घालतात आणि ओळ संपताना त्या साखळ्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरी वापरली गेली की घोळ सुरू. सुरुवातीला टाका सोडला आणि शेवटी साखळीत खांब घातला नाही, तर दर ओळीला एक टाका कमी. 20 टाक्यांवर आणखी 10 ओळी विणल्या की हातात 10 टाके. दोन्हीकडे खांब घातला तर दर ओळीला एक टाका वाढतो. मफलर दोन्ही बाजूंनी निमुळता होतो किंवा पसरत जातो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्या हातातच कला नाही.

आणि तो कंसातला 20? तो दोन्ही पद्धतींना लागू पडतो, म्हणजे त्याचा उपयोग शून्य. माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. ज्या नोंदीत रक्कम जमेची की खर्चाची ते लिहिलेलं नाही, अशी नोंद मी कधी पुढे जाऊ दिली नसती.

व्हिडिओ बघून कळेल असं कुणी म्हणेल. बघितला, पाव वेगाने बघितला. बाई ओळभर अतिशय सुंदर, सावकाश विणतात. शेवटचे दोन टाके आले की त्यांचा डावा अंगठा बरोब्बर कडेवर येतो, पाठीमागचं संगीत मोठं होतं आणि पुढच्या दृश्यात ओळ वळलेली असते. सगळ्या धड्यात जो अर्धा मिनिट बघायचा होता, तेवढाच अंगठ्याखाली.

ग्राहक सेवेला मेल केली. उत्तर आलं की तुमचं टेन्शन एकसारखं नाही, सराव करत राहा आणि विणण्याचा आनंद घ्या. टेन्शन म्हणजे धाग्याचा ताण. ताण कमीजास्त झाला तर टाका लहानमोठा होतो, टाके गायब होत नाहीत. मी प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना पिना लावून, टाक्यांवर आकडे टाकून फोटो पाठवला. त्यावर त्याच व्हिडिओची लिंक आणि एक हसरा चेहरा आला. पुढच्या पत्रव्यवहारात शिरत नाही. त्यांच्याकडची माणसं बदलत होती, उत्तर तेच राहत होतं.

तोवर मफलरची लोकर इतक्यांदा उसवली होती की तिचा पीळ सुटून धागा चिरायला लागला. सुई धाग्याखालून जाण्याऐवजी त्याच्या मधून जायची. नवीन गुंडा आणणार नाही असं ठरवलेलं होतं, म्हणून त्याच लोकरीवर पुढचे पॅटर्न सुरू केले. इथे मत बदलायला सुरुवात झाली.

पुढचे पॅटर्न गोल होते, आणि ते खरोखर चांगले लिहिलेत. मॅजिक रिंगमध्ये (धागा ओढून आवळता येणारा सुरुवातीचा फास) 6 सिंगल, मग 12, 18, 24, 30. दर फेरीला 6 वाढले की चकती सपाट बसते. कमी वाढले तर वाटी होते, जास्त वाढले तर कड लहरते. शिवाय वाढीचे टाके दर फेरीला एकावर एक आले तर चकती गोल न होता षटकोनी दिसते, म्हणून ते सरकवत न्यायचे, हेही पॅटर्नमध्ये लिहिलंय. टोपीच्या पॅटर्नमध्ये तर चक्क गणित दिलंय: डोक्याचा घेर भागिले 3.14. घेर 56 सेमी असेल तर चकतीचा व्यास जवळपास 18 सेमी. टोपी ताणून बसायला हवी म्हणून एक-दीड सेमी आधीच थांबायचं आणि मग न वाढवता खाली विणत जायचं. पहिल्या फटक्यात डोक्यावर बसली. मला हे आवडलं, फार आवडलं. खेळण्याच्या पॅटर्नमध्ये टाके कमी करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे पदर उचलायला सांगितलेत, त्यामुळे घट दिसत नाही आणि आतला कापूस फटीतून डोकावत नाही.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. ही गोल कामं सर्पिलाकार, फेरी न जोडता चालतात. वळायचं नाही, चढायचं नाही, म्हणजे त्या 3 साखळ्यांचा संबंधच येत नाही. पॅटर्न लिहिणारी व्यक्ती तीच आहे. म्हणजे नीट लिहिता येतं, पण कडा आल्या की हात आखडतो.

क्रिएटिव्ह क्लासबद्दल मला शंका होती. मुक्तपणे विणा वगैरे म्हणणारे लोक माझ्या पचनी पडत नाहीत. पण शिकवणारी बाई वेगळी निघाली. तिने पहिल्याच क्लासला सपाट चकतीचा नियम घेतला आणि मुद्दाम मोडायला लावला: प्रत्येक टाक्यात दोन टाके घाला आणि काय होतं ते बघा. दोन-तीन फेऱ्यांत कापड लाटांसारखं मुडपायला लागतं. मग तिने सांगितलं की 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गणिती डायना ताइमिन्या यांनी अशाच क्रोशे कामातून हायपरबोलिक प्रतलाची, म्हणजे कडेकडे पसरत लाटांसारखा मुडपणाऱ्या पृष्ठभागाची, टिकाऊ प्रतिकृती बनवली. कागदाच्या प्रतिकृती हाताळताना फाटायच्या, ही मात्र घडी घालून बघता येते. पुढे 2005 पासून वर्टहाइम भगिनींनी याच तंत्रावर क्रोशेच्या प्रवाळांचा मोठा प्रकल्प उभा केला. ताइमिन्यांचं काम आमच्यासारखं दर टाक्याला वाढ असं नव्हतं, ठरावीक अंतराने वाढ होती, हेही तिने स्पष्ट केलं. अशी अचूकता मला मफलरच्या पीडीएफमध्ये हवी होती.

सावधगिरीची सूचना: दर फेरीला टाके दुप्पट होतात. 6, 12, 24, 48, 96, 192, आणि सातव्या फेरीला 384. शोभेच्या एका गोळ्यासाठी अख्खा गुंडा फस्त. मी पाचव्या फेरीला थांबलो, बाकीच्यांनी खुशाल पुढे जावं.

दुसरा क्लास उरलेल्या तुकड्यांच्या ग्रॅनी स्क्वेअरचा, म्हणजे मधून बाहेर विणत जायच्या चौकोनाचा होता, तो माझ्या स्वभावाला जास्त मानवला. रंग बदलताना निदान 15 सेमी शेपूट सोडायचं आणि बोथट सुईने एकदा एका दिशेला, मग उलट दिशेला ओवायचं. एकाच दिशेने ओवलेलं शेपूट धुण्यात बाहेर येतं. धड्यांमध्ये हे एका वाक्यात उरकलंय.

याच क्लासच्या शेवटी मी माझा प्रश्न विचारला. तिने कॅमेरा वरून लावलेला, हात बाजूला घेतले आणि सांगितलं: मफलरमध्ये त्या साखळ्या मोजलेल्या आहेत, पहिला टाका सोडा, शेवटचा खांब वरच्या साखळीत घाला. तिथे सेफ्टी पिन आधीच अडकवून ठेवा, म्हणजे परत येताना शोधावं लागत नाही. मोजणी बरोबर असूनही कडेला फट दिसते, कारण साखळी खांबापेक्षा बारीक असते. ते नको असेल तर साखळ्यांऐवजी पहिल्या टाक्यात एक सिंगल आणि त्याच्या डाव्या उभ्या पायात आणखी एक सिंगल घाला. उंची तीच येते, फट बुजते आणि टाका निर्विवाद मोजला जातो. डावखुऱ्यांनी उजवा पाय धरायचा. मिनिटभरात प्रश्न मिटला. ग्राहक सेवेच्या सगळ्या मेल एकत्र केल्या तरी त्यात एवढी माहिती नाही.

त्यानंतर मफलरच्या पीडीएफमध्ये "3 साखळ्या = 1 डबल" असं अवतरलं. बहुधा तिनेच सांगितलं असावं. बाळाच्या ब्लँकेटचा पॅटर्न मात्र अजून जसाच्या तसा आहे, आणि तो 20 नाही, 90 टाक्यांचा आहे. तो सुरू करणाऱ्याने वरचा उतारा समोर ठेवावा.

आता चार स्टार देतोय. क्लासला पाच, गोल पॅटर्नला पाच, किटला दोन, ग्राहक सेवेला द्यायची इच्छा नाही. सरासरी जमत नाही हे मला दिसतंय. डावखुऱ्यांसाठी आरशातले व्हिडिओ फक्त सुरुवातीच्या धड्यांनाच आहेत, त्यांनी पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं. क्लासचं रेकॉर्डिंगही थोडेच दिवस राहतं, तेव्हा कडांचा भाग आला की लिहून घ्या.

सदस्यत्व संपत आलंय. धड्यांचं पॅकेज बंद करून फक्त क्लास ठेवले. ते वेगळे घेता येतात हे त्यांच्या पानावर कुठेही लिहिलेलं नाही, पण मेल करून मागितले की देतात. पहिल्या मेलला नाही म्हणतील, दुसरी टाका.