‘स्पॉक्स ब्रेन’: मेंदू काढला हे पटतं, परत बसवला हे नाही

एक अनोळखी बाई एंटरप्राइज यानाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षात, अवतरते, मनगटावरचं बटण दाबते आणि सगळे जागच्या जागी कोसळतात. शुद्धीवर येतात तेव्हा विज्ञान अधिकारी स्पॉक यानावरच्या दवाखान्यात टेबलावर पडलेला असतो आणि त्याच्या कवटीत मेंदू नसतो. स्टार ट्रेकच्या मूळ मालिकेचा तिसरा सीझन २० सप्टेंबर १९६८ रोजी या भागाने सुरू झाला. एकूण ७९ भागांतला सर्वांत वाईट कोणता, हा वाद निघाला की ‘स्पॉक्स ब्रेन’चं नाव येतंच. ते रास्तही आहे. पण लोक बहुतेक मेंदूचोरीला हसतात, आणि तिथे माझा मतभेद आहे. मेंदूचोरी विज्ञानकथेत खपून जाते. खपत नाही ते हे की हा भाग स्वतः घातलेले नियम स्वतःच मोडतो, आणि ते मोडता यावेत म्हणून हुशार पात्रांना बावळट करून टाकतो.

सुरुवात चांगली आहे. डॉक्टर मॅकॉय तपासून सांगतो की मेंदूला जाणारा प्रत्येक चेतातंतू व्यवस्थित बंद केलेला आहे, कुठे फाटलेलं नाही, रक्तस्राव नाही. शरीर यंत्रांवर फार तर चोवीस तास टिकेल. ही मुदत शरीरशास्त्राला धरून आहे. मेंदू नसला तरी हृदय स्वतःच्या पेशींच्या ठेक्यावर धडधडत राहू शकतं. श्वास मात्र थांबतो, कारण त्याची लय ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या बुंध्यात, ठरते; म्हणून व्हेंटिलेटर लागतो. पियूषिका ग्रंथीकडून येणारं, लघवी आवरून धरणारं संप्रेरक बंद झालं की शरीरातलं पाणी भराभर बाहेर पडतं, रक्तातलं सोडियम चढतं, रक्तदाब उतरतो. तापमानही सावरत नाही. मेंदूमृत अवयवदात्याचे अवयव टिकवताना अतिदक्षता विभागातले डॉक्टर आजही नेमके याच गोष्टींशी झुंजतात. त्यात मॅकॉय पुस्ती जोडतो की व्हल्कन (स्पॉक ज्या परग्रही जमातीचा ती) शरीर मेंदूवर माणसापेक्षा जास्त विसंबून असतं. घड्याळ लागलं, धोका कळला, प्रेक्षक सावरून बसला.

आणि थोड्या वेळात हेच शरीर उठून चालायला लागतं.

डोक्याला धातूची पट्टी, मॅकॉयच्या हातात बटणांची छोटी डबी, टिक टिक आवाज, आणि स्पॉक पावलं टाकतोय. विजेच्या झटक्यांनी स्नायू हलवता येतात, हे खरं आहे. पाठीचा कणा दुखावलेल्या रुग्णांसाठी ते तंत्र वापरतात. पण उभं राहायला तोल लागतो. आतल्या कानाकडून येणारी खबर लहान मेंदू क्षणोक्षणी वाचतो आणि शेकडो स्नायूंना थोडं थोडं सावरतो. मूठभर बटणांनी तो हिशोब होत नाही, रुग्ण पहिल्याच पावलाला आडवा होईल. तेही एक वेळ सोडू. त्याहून मोठी खोट म्हणजे ज्या यंत्रांवर चोवीस तास मोजले होते, ती यंत्रं यानावरच राहिली. श्वास कोण देतंय? पडद्यावर कुणीच विचारत नाही, आणि मुदतीचा सगळा दरारा तिथेच ओसरतो. साधा उपाय होता: शरीर दवाखान्यात ठेवायचं, मेंदू घेऊन परत यायचं. वेळेचा ताण शेवटपर्यंत टिकला असता आणि कळसूत्री बाहुलीसारखं चालणंही टळलं असतं.

चोरांचं यान आयन इंजिनावर, म्हणजे विद्युतभारित कण मागे फेकून पुढे ढकलणाऱ्या इंजिनावर, चालतं आणि मुख्य अभियंता स्कॉट ते पाहून हरखून जातो. इथे लेखकाने नव्या शब्दाची चमक घेतली, अर्थ घेतला नाही. आयन इंजिन १९६४ मध्येच अंतराळात चालवून पाहिलं गेलं होतं. १९९८ मध्ये सुटलेल्या डीप स्पेस १ यानाच्या आयन इंजिनाचा जोर जास्तीत जास्त सुमारे ९२ मिलिन्यूटन होता, म्हणजे हातावर ठेवलेल्या दोन कोऱ्या कागदांइतका. त्याचं बळ काटकसरीत आहे: थोडं इंधन पुरवून पुरवून महिनोन्महिने हळूहळू वेग वाढवत न्यायचा. प्रकाशाहून वेगाने जाणाऱ्या यानाच्या अभियंत्याने त्यावर भाळावं, हे स्कॉटला शोभत नाही. आयनांचा माग धरून यान ज्या सिग्मा ड्रॅकोनिसपाशी पोचतं तो तारा मात्र खरा आहे. कालेय तारकासमूहात, सुमारे १९ प्रकाशवर्षांवर.

तिथल्या ग्रहांपैकी कोणता निवडायचा यावर ब्रिजवर चर्चा होते, आणि संदेश अधिकारी उहुरा विचारते की त्यांना स्पॉकचा मेंदू हवाय तरी कशाला? अख्ख्या भागातला सर्वांत शहाणा प्रश्न. त्याचा धागा धरला असता तर उत्तम तपासकथा झाली असती. कप्तान कर्क प्रश्नाचं कौतुक करतो आणि ग्रह निवडतो अंदाजाने.

सहावा ग्रह बर्फाने गोठलेला आहे. वर सोटे घेऊन फिरणारे पुरुष, त्यांना मॉर्ग म्हणतात; खाली ऊबदार भुयारात राहणाऱ्या स्त्रिया, त्या आयमॉर्ग. स्त्रियांची अक्कल लहान मुलाएवढी दाखवली आहे. त्यांची प्रमुख कारा हीच ब्रिजवर आलेली चोर, पण आता मेंदू म्हणजे काय हेही तिला ठाऊक नाही. खुलासा असा की ‘टीचर’ नावाचं शिरस्त्राण डोक्यावर घातलं की पूर्वजांनी साठवलेलं ज्ञान उतरतं आणि थोड्या वेळाने विरतं. आता हिशोब करा. काराने ज्ञान घेतलं, ताऱ्यांमधलं अंतर कापलं, नेमकं योग्य यान गाठलं, शस्त्रक्रिया केली, परत आली, मेंदू भुयाराची हवा-पाणी चालवणाऱ्या यंत्राला जोडला. ज्ञान इतक्या लवकर विरत असेल तर ती वाटेतच यान चालवायचं विसरली असती. ते इतकं टिकत असेल तर पुढे मॅकॉयला ऐन शस्त्रक्रियेत विसर पडायचं कारण नाही. दोन्ही एकत्र खरं असू शकत नाही, आणि कथेचा शेवट उभा आहे तो याच विसंगतीवर.

आता शस्त्रक्रिया. मॅकॉय शिरस्त्राण घालतो आणि हे काम त्याला पोरखेळ वाटू लागतं. एकट्या दृष्टितंतूत दहा लाखांहून अधिक धागे असतात, आणि कवटीतल्या चेतातंतूंच्या अशा बारा जोड्या. मज्जारज्जू वेगळाच. त्यातले धागे एकदा तुटले की आपणहून परत जुळत नाहीत. १९७० मध्ये क्लीव्हलंडमध्ये रॉबर्ट व्हाइट यांनी एका माकडाचं डोकं दुसऱ्या माकडाच्या धडावर बसवलं. रक्तवाहिन्या जोडल्या, डोकं शुद्धीवर आलं, पाहू-ऐकू लागलं. पण मज्जारज्जू जोडता न आल्याने मानेखालचं शरीर लुळंच राहिलं. मेंदू काढणं आणि तो परत जोडणं या दोन कामांच्या अवघडपणात किती अंतर आहे, ते यावरून कळतं. काढण्याला मालिकेने परग्रहावरची प्रगत विद्या लावली, ते मी मान्य करतो. जोडण्याला तिने लावला एक आडवा पडदा आणि मॅकॉयचे पुटपुटणारे ओठ. स्पॉक उठतो तेव्हा त्याच्या भांगाचा केससुद्धा हललेला नसतो. कवटी उघडायची तर आधी केस काढावे लागतात, हे रंगभूषा विभागाला कुणी सांगायला हवं होतं.

त्यातही एक जागा मला मनापासून आवडते. मॅकॉयचं ज्ञान विरायला लागतं, तेव्हा तो आधी वाचेचे तंतू जोडतो आणि स्पॉक स्वतः पुढची शस्त्रक्रिया सांगत जातो. हे वेडगळ वाटतं, पण त्याच्याशी नातं सांगणारी पद्धत खऱ्या वैद्यकात आहे. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, म्हणून वाचेच्या भागाजवळची गाठ काढताना रुग्णाला जागं ठेवून बोलतं करतात. शब्द अडखळला की सर्जन हात थांबवतो. फक्त बोलायला नुसतं तोंड जोडून भागत नाही. जीभ, स्वरयंत्र, श्वासपटल आणि ऐकण्याचा तंतू एवढं तरी लागतंच. दोन वाक्यांत हे सांगितलं असतं तर हाच भाग या प्रसंगासाठी लक्षात राहिला असता.

पटकथा जीन कून यांची, ‘ली क्रोनिन’ या टोपणनावाने लिहिलेली. एंटरप्राइजच्या शत्रूंची क्लिंगॉन जमात मालिकेत आणणारे हेच, म्हणून अपेक्षा जास्त होत्या. कल्पना त्यांना सापडली होती: ज्यांना आपलंच यंत्र समजत नाही असे लोक, आणि त्यांची हवा, पाणी, ऊब सांभाळणारा एक कैदी मेंदू. शिरस्त्राण घातल्यावर कारा शहाणी होते आणि ठाम सांगते की मेंदू परत दिला तर माझी माणसं मरतील. या भागात कुणाचा युक्तिवाद बिनतोड असेल तर तो तिचा. मार्ज ड्युसे यांनी हे दोन चेहरे वेगवेगळे वठवले आहेत, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. कर्ककडे उत्तर नाही. बायकांनी वर यावं, पुरुषांबरोबर राहायला शिकावं, फेडरेशन (एंटरप्राइज ज्याचं आहे तो ग्रहांचा संघ) मदत करेल, एवढं बोलून तो निघतो.

पाहायचाच असेल तर उहुराच्या प्रश्नापर्यंत पाहा, मग थेट कारा शिरस्त्राण घालते तिथे जा आणि शस्त्रक्रिया पूर्ण पाहा. मधला चालत्या स्पॉकचा भाग गाळला तरी कथेचं काही अडत नाही. शेवटच्या प्रसंगात सगळे स्पॉकच्या बडबडीला हसत असताना त्या भुयाराचा विचार करा: भुयार चालवणारा नियंत्रक, म्हणजे तो मेंदू, काढून घेतलेला आहे, बाहेर हिमयुग आहे, आणि खालची हवा आता कोण फिरवतंय हे कुणीही विचारलेलं नाही.