खिडक्या दुरुस्तीला नेल्या, साग तिकडेच राहिला

जुन्या घराच्या खिडक्या दुरुस्त करायला कुणी बाजारभावाच्या निम्म्यात तयार झाला, तर आधी शंका घ्या. त्याची कमाई मजुरीत नसते, तुमच्या झडपांत असते. वर्षानुवर्षं वाळलेला, बारीक रेषांचा जुना साग नव्या मालात सहसा मिळत नाही, आणि जुन्या लाकडाच्या बाजारात त्याला लगेच गिऱ्हाईक भेटतं.

सुरुवात चौकटीच्या खालच्या कोपऱ्यापासून होते. मिस्त्री तिथे टोच्या खुपसतो, भुगा काढून दाखवतो आणि सांगतो, "वाळवी आहे, अख्खी खिडकी काढावी लागेल." तो कोपरा खराब असणारच! पावसाचं पाणी तिथे साचतं आणि उभ्या दांड्याचं कापलेलं टोक ते शोषून घेतं. वाळवी असेल तर आत माती भरलेली दिसते. नुसती कूज असेल तर लाकूड मऊ पडून चौकोनी तुकड्यांत तडकतं. तोच टोच्या त्याच दांड्यावर फूटभर वर लावायला सांगा. तिथे जेमतेम टोक रुतलं, तर वरचं लाकूड शाबूत आहे. मग सडका भाग चांगल्या लाकडापर्यंत, वर आणखी दोन-तीन इंच घेऊन तिरका कापायचा आणि त्याच जातीचा तुकडा, रेषा त्याच दिशेला ठेवून, पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाने बसवायचा. काम एवढंच असतं.

पण झडपा वर्कशॉपला जातात. परत येतात तेव्हा माप तेच, बिजागऱ्याही त्याच, वर गडद तपकिरी पॉलिश. आत मात्र हलकं लाकूड, किंवा प्लायवर चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा. अदलाबदल ओळखायची तर पॉलिशकडे बघू नका, बिजागरी काढून तिच्याखालची खाच बघा. जुन्या झडपेत तिथे जुन्या स्क्रूची बुजवलेली भोकं, गंजाचा काळा डाग आणि झिजलेल्या कडा असतात. नव्या झडपेत खाच कोरी असते. झडपेच्या मागच्या बाजूवरून तळवा फिरवा. हाताच्या रंध्याने तासलेली फळी किंचित उंचसखल लागते, मशीनवरची एकसारखी सपाट. सांध्यातली जुनी लाकडी खुंटीही क्वचितच नेमकी गोल असते.

दुसरा प्रकार जास्त चालतो, कारण त्यात काहीच बदलावं लागत नाही. सडका भाग तसाच ठेवून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, घासून रंग देतात. काम छान दिसतं. पुढच्या पावसाळ्यात आत अडकलेली ओल बाहेर पडायला वाट शोधते आणि लांबीची अख्खी वडी निघून हातात येते. म्हणून रंगाआधी, उघड्या लाकडाचे फोटो मागा. जुना रंग काढायला झडपा कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवणार असतील तर सरळ नकार द्या. सरसाचे सांधे सुटतात, लाकूड काळवंडतं. जुन्या रंगात शिसंही असू शकतं, त्यामुळे कोरडं घासू देऊ नका, ओलं घासायला सांगा.

बिलातल्या लाकडाच्या घनफुटांचा हिशोब स्वतः करा. ५ × ३ फुटांची चौकट ४ × ३ इंची लाकडाची असेल, तर लांबी १६ फूट. १६ × ४ × ३ ÷ १४४ (इंचांचे फूट करायला) म्हणजे १.३३ घनफूट. कापणी-तासणीची घट धरूनही १.६ च्या आसपास. बिलात अडीच दिसलं तर कारण विचारा. कोकणातल्या घरात तर आधी लाकूड कोणतं तेच ठरवा. तिथे फणस, ऐन, किंजळही सापडतं, आणि ते काढून "साग बसवला" म्हणणं हीसुद्धा लूटच.

झडपा घराबाहेर न्याव्याच लागणार असतील, तर बिजागरीखाली पटाशीने खूण करून फोटो काढा, झडपांची संख्या आणि मापं लिहून सही घ्या. "काढलेला प्रत्येक तुकडा परत द्यायचा" हे वाक्य कागदावर हवंच. या वाक्यावर जो कुरकुरतो, त्याला काम देऊ नका. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता खूण तपासल्यावर.

फसवणूक झालीच असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. बदललेल्या झडपांची तक्रार पोलिसांकडेही द्या. विश्वासाने सोपवलेली वस्तू लांबवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ चा गुन्हा आहे. त्या तक्रारीला खुणेचा फोटो जोडा.