अडचणीतील जवानासाठी घराजवळची बदली: व्यवस्था चोख, मुदत तोकडी

घरातील गंभीर आजारपण, अपंग मूल किंवा निराधार आईवडील अशा कारणांसाठी सैन्यातील जवानाला घराजवळच्या ठिकाणी बदली मागता येते, हे आमच्याकडील अनेक कुटुंबांना सुट्टीवर आलेल्या एखाद्या जवानाकडून अर्धवट कळलेले असते. माझा धाकटा भाऊ पायदळात आहे. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर येणारे कायमचे अपंगत्व) असून त्याला नियमित फिजिओथेरपी लागते. भाऊ सीमेवर आणि भावजय मुलाला घेऊन मराठवाड्यात, अशी स्थिती असताना आम्ही या सोयीचा उपयोग केला. कागदपत्रांचे काम बहुतांशी माझ्याकडे असल्यामुळे ही व्यवस्था घराच्या बाजूने कशी दिसते, ते इथे नोंदवीत आहे.

अर्ज जवानानेच करावयाचा असतो. तो आधी कंपनी कमांडरपुढे आणि मग सीओ (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) साहेबांपुढे जातो, युनिटची शिफारस त्यावर पडते आणि प्रकरण त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे जवानांच्या नोंदी आणि नेमणुका पाहणाऱ्या कार्यालयाकडे, रवाना होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आहे. घरच्यांनी परस्पर रेकॉर्ड ऑफिसला पत्रे लिहून किंवा एखाद्या पुढाऱ्याची चिठ्ठी जोडून काही साधत नाही. झालाच तर जवानाला त्याचा त्रास होतो. घरच्यांचे खरे काम वेगळे आहे. अर्जात लिहिलेली अडचण खरी आहे, ती दुसरे कोणी सांभाळू शकत नाही आणि जवान जवळ असल्याने तीत फरक पडेल, या तीन गोष्टी कागदावर सिद्ध करून देणे, हे ते काम.

या पडताळणीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संबंध येतो, आणि सगळ्या साखळीत मला सर्वांत उजवा वाटलेला दुवा हाच आहे. आमच्याकडे आलेले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक होते. मुलाला उपचारासाठी कोण नेते, बस कुठपर्यंत येते, घरात दुसरे कर्ते माणूस कोण आहे, शेती कोण पाहतो, हे त्यांनी शांतपणे विचारले. मी एकत्र कुटुंबात राहतो की वेगळा, हेही विचारले, आणि तो प्रश्न मला खटकला नाही, कारण अर्ज टिकतो की पडतो हे बरेचदा त्याच उत्तरावर ठरते. अहवालात त्यांनी दयेची भाषा वापरली नाही. कोण काय करते आणि कोणाला काय शक्य नाही, एवढेच लिहिले. त्या एका पानाचा उपयोग आमच्या लांबलचक विनंतीपेक्षा अधिक झाला असावा.

याच्या उलट अनुभव मुलकी आणि वैद्यकीय कागदांचा आला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीसह 21 प्रकारांची नोंद आहे आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते आता यूडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवरून निघते, पण तपासणी रुग्णालयातच होते. तज्ज्ञ ठराविक वारीच बसणार, एखाद्या वारी ते रजेवर असणार, आणि चालता न येणारे मूल कडेवर घेऊन आलेल्या आईला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितले जाणार, हे आमच्या वाट्याला आले. शिवाय प्रमाणपत्रावर टक्केवारी असते, मात्र मुलाला कोणते उपचार किती वेळा लागतात आणि ते गावाजवळ मिळतात का, हे नसते. रेकॉर्ड ऑफिसला हवे असते नेमके तेच. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे वेगळे, सविस्तर पत्र घ्यावे. आमचा प्रस्ताव एकदा परत आला तो याच कारणासाठी, आणि काय कमी आहे ते त्यासोबत स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते. मुलकी कार्यालयांत एवढे नेमके उत्तर मला क्वचितच मिळाले आहे. मुलाचे नाव आणि जन्मतारीख युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या कुटुंबाची अधिकृत नोंद होते त्या आदेशात) आणि बाहेरच्या कागदांत अक्षरशः एकसारखी असली पाहिजेत, याकडेही लक्ष द्यावे.

भावाला अखेर महाराष्ट्रातील एका छावणीत ठरावीक मुदतीसाठी पाठवण्यात आले. घराजवळ या शब्दाचा अर्थ मात्र आपल्या भागात जपून लावावा लागतो. राज्यात पुणे, खडकी, देहू रोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी अशा सात छावण्या असून मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकच आली आहे. देगलूर किंवा उदगीरच्या माणसाला पुण्यापेक्षा सिकंदराबाद जवळ पडते, पण राज्याची सीमा मध्ये असल्याने ते पसंतीच्या यादीत लिहायचे कोणाला सुचत नाही. पायदळातील जवानाला आपल्या मर्जीच्या युनिटमध्ये जाता येत नाही, मात्र ईआरईवर, म्हणजे रेजिमेंटबाहेरच्या नेमणुकीवर, एनसीसी बटालियनसारख्या ठिकाणी जागा असतात. एनसीसीची बटालियन नांदेडला आहे, लातूरलाही आहे. अर्जात ठिकाणांची नावे लिहिताना हा विचार आधी व्हावा.

छावणीत गेल्यावर मिळालेल्या सेवेबद्दल तक्रारीला जागा नाही. लष्करी रुग्णालयात मुलाची फिजिओथेरपी सुरू झाली, गरज पडल्यास पुण्याच्या कमांड हॉस्पिटलकडे पाठवण्याची सोय आहे, आणि सैनिकांच्या पत्नींची संघटना असलेल्या आवातर्फे विशेष मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या आशा शाळांमध्ये अशा मुलांना प्रवेश मिळतो. भावजयीला पहिल्यांदाच तिच्यासारख्या इतर आया भेटल्या. याचे मोल कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नसणार.

माझा मुख्य आक्षेप मुदतीला आहे. ही सगळी रचना संपणाऱ्या अडचणीसाठी केलेली आहे: वडिलांचे ऑपरेशन, जमिनीचा वाद, पत्नीचे अवघड बाळंतपण. सेरेब्रल पाल्सी संपत नाही. मुदत संपली की जवान पुन्हा पूर्वीच्या चक्रात जातो आणि मूल मात्र त्याच उपचारांच्या, पण अधिक वजनाच्या टप्प्यावर असते. लहानपणी कडेवर घेता येणारा मुलगा दहाव्या वर्षी एकट्या आईला उचलत नाही. केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांपैकी अपंग अपत्याची काळजी घेणाऱ्यांना नेहमीच्या बदल्यांतून वगळण्याचा आदेश जून 2014 मध्ये निघाला. सैनिकाला तशी सरसकट सूट देता येणार नाही, हे मी समजू शकतो, कारण सीमेवरच्या चौकीत कोणीतरी उभे राहायलाच हवे. पण अमेरिकेच्या लष्करात विशेष गरजा असलेल्या कुटुंबीयांची नोंदणी जवानाने करणे सक्तीचे असते आणि कुटुंबासह नव्या ठिकाणी पाठवण्यापूर्वी तिथे ते उपचार उपलब्ध आहेत का, हे पाहिले जाते. आपल्याकडे जवानाला प्रत्येक वेळी नव्याने अर्ज करून तीच अडचण पुन्हा सिद्ध करावी लागते.

बाल संगोपन रजेचेही असेच. 2019 मध्ये ती एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुष सैनिकांनाही लागू झाली आणि 40 टक्के अपंगत्व असलेल्या मुलांसाठीची 22 वर्षांची वयोमर्यादाही काढली गेली. दोन्ही निर्णय उत्तम आहेत. पण पत्नी हयात आहे, घरी आहे आणि एकटीच सारे ओढते आहे, अशा जवानाला त्यांचा काही उपयोग नाही. त्याच्या हाती वर्षाची 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजाच राहते. अग्निवीराला तर वर्षाला 30 दिवस मिळतात.

अर्ज नामंजूर झाला तर पुढे काय, हे आम्ही एका वकिलांना विचारून ठेवले होते. सैन्य कायद्याच्या कलम 26 खाली जवानाला वरिष्ठांकडे तक्रार करता येते. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या 2007 च्या कायद्याने मात्र बदली आणि नेमणुकीचे विषय त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत, त्यामुळे तिथे दाद मागता येत नाही. उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो, आणि तो साध्या कुटुंबाच्या आवाक्यातला नाही. स्वतःच्या विनंतीवरून मुदतपूर्व सेवामुक्ती हाही एक पर्याय लोक सुचवतात. 15 वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी तो घेतला तर जवानाची सेवा पेन्शन जाते, हे सुचवणारे सहसा सांगत नाहीत. आजारी मुलाच्या घरात ती पेन्शन गमावणे म्हणजे एका अडचणीसाठी दुसरी विकत घेणे होय, आणि गावकीच्या सल्ल्याने कोणी असा निर्णय घेऊ नये.

त्यापेक्षा एक कमी माहितीची सोय विचारून पाहावी. जवान फील्डवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी, गेला तरी त्याच्या कुटुंबाला काही ठिकाणी विभक्त कुटुंबांसाठी राखलेले क्वार्टर मागता येते, आणि मुलाच्या उपचारांच्या कारणावरून आधीच्या छावणीतील घर काही काळ ठेवण्याची विनंतीही करता येते. भावाची मुदत संपत आली असून आमचा पुढचा अर्ज बदलीचा नाही, क्वार्टरचा आहे. तो भरताना डॉक्टरांचे पत्र नवे घेतले आहे, टक्केवारीचे प्रमाणपत्र जोडले आहे आणि मूव्हमेंट ऑर्डर (नव्या ठिकाणी निघण्याचा आदेश) हातात पडण्याची वाट न पाहता तो युनिटमध्ये दिला आहे, कारण क्वार्टरसाठीही प्रतीक्षायादी असते.