डोळा काळा दिसला म्हणून पक्षी 'यंग' समजू नका

आपण सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतो तो बाजारातला बजरीगर आणि प्रदर्शनात मांडतात तो शो बजरीगर, यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. प्रदर्शनासाठी ठरलेल्या मापदंडाप्रमाणे, म्हणजे स्टँडर्डप्रमाणे, शोचा पक्षी डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत २१६ मिलिमीटर, कपाळ भरदार, गळ्यावर सहा ठसठशीत ठिपके. रिसेसिव्ह पाइड या अंगावर रंगाचे चट्टे असलेल्या प्रकारात एवढ्या डोक्याचे पक्षी मुळात कमी, म्हणून भाव आणखी चढा. लबाडीला वावही तिथेच.

कणकवलीकडच्या एका ब्रीडरच्या स्टेटसवर मला अशी जोडी दिसली. फोनवर त्यानेच शिकवणी घेतली. "डोळो बघा, बुबुळाभोवती पांढरी कडी नाय. म्हणजे यंग. तुमका फसवून मी खंय जातलंय?" अर्धे पैसे आधी यूपीआयने दिले. पक्षी मिळाले एसटी स्टँडवर, दिवेलागणीला, भोकं पाडलेल्या हापूसच्या खोक्यात.

गंमत म्हणजे कडीची गोष्ट खोटी नाही. साध्या हिरव्या-निळ्या बजरीगरच्या पिल्लाचा डोळा सबंध काळा असतो आणि कपाळावरच्या पट्ट्या थेट नाकापर्यंत येतात. तीन-चार महिन्यांनी पिसं झडली की पट्ट्या मागे हटतात, हळूहळू कडीही उमटते. रिसेसिव्ह पाइडला मात्र ती कडी जन्मभर येत नाही! सहा वर्षांच्या म्हातारीचा डोळासुद्धा पिल्लासारखा काळाभोर. नराचं नाकही निळं न होता गुलाबी-जांभळंच राहतं, त्यामुळे तोही कोवळा वाटतो.

वय सांगते ती पायातली रिंग. अखंड रिंग पिल्लू आठवड्याभराचं असताना सरकवतात, पुढे पाय वाढला की ती चढत नाही. तिच्यावर साल असतं. मादीची रिंग सकाळच्या उन्हात भिंगाखाली धरली, तर मागच्या बाजूला केसाएवढी फट, वर काहीतरी चिकट भरून घासलेलं. म्हणजे जुनी रिंग कापून काढली आणि चालू सालाची उघडी रिंग दाबून बसवली. पायाची खवलंही जाड, निबर. पुढे तिने अंडी घातली, पण टॉर्चच्या उजेडात धरून पाहिलं तर एकातही शीर दिसली नाही, म्हणजे सगळी वांझ.

विचारलं तर म्हणाला, "तुमच्या खाऱ्या वाऱ्यान झाला ता." कणकवली काय राजस्थानात आहे? मग नंबर ब्लॉक.

तेव्हा रिसेसिव्ह पाइड घेणार असाल तर डोळ्याचं नावच काढू नका. पैसे देण्याआधी दिवसाउजेडी व्हिडिओ कॉल करून रिंग पायाभोवती पूर्ण फिरवून दाखवायला सांगा आणि अक्षरं-आकडे लिहून घ्या. क्लबची रिंग असेल तर ती कोणाच्या नावावर दिली होती हे क्लबकडे विचारता येतं. पट्टी लावून शेपटीसकट माप मागा. पिसं फुलवलेल्या पक्ष्याचा समोरून काढलेला फोटो डोकं भलतंच मोठं दाखवतो. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. मी उशिरा केलेली तक्रार अजून तशीच पडून आहे, आणि हिरवी भिंत नि निळा ड्रम मागे असलेले तेच फोटो दुसऱ्या नंबरवरून 'यंग पेअर' म्हणून पुन्हा फिरतायत.