मायक्रोस्कोप जरूर घ्या, सोबतची स्लाइडपेटी नको

दसऱ्याला बडोद्याच्या रावपुऱ्यातून विद्यार्थ्यांचा साधा मायक्रोस्कोप घेतला. एका डोळ्याचा, ४, १० आणि ४० पटीची भिंगं, खाली एलईडी. साडेसहा हजार पडले. तयार स्लाइडच्या पेटीचे हजार वेगळे. मी शाळेत बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण परागकण मनसोक्त बघायला मिळाले ते आत्ता.

यंत्र चांगलं आहे. अंगणातल्या गावठी जास्वंदीची पूड १० च्या भिंगाखाली धरली आणि काटेरी गोळे असे लख्ख दिसले की शेजारची मुलं हटेनात. बाभळीचे कण सुटे नसतात, सोळा-सोळांची चेंडूसारखी जुडी असते, तेही पाहिलं. खरी परीक्षा मात्र कणाच्या कवचावरच्या खाचांची. सोनचाफ्याच्या कणाला एकच लांब खाच, होडीसारखी. तशीच एक खाच बहुतेक एकदल वनस्पतींनाही असते. तीन खाचांचे कण हे द्विदलांतल्या फार मोठ्या घराण्याचं लक्षण, आणि ते सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही सापडतात, कारण परागाचं कवच सहसा कुजत नाही. या खाचा ४० च्या भिंगाखाली नीट दिसतात, फक्त डायफ्राम, म्हणजे खालचा प्रकाश कमी-जास्त करणारी झडप, निम्म्याहून जास्त बंद करा. उघडा ठेवलात तर सगळं पांढरंफटक दिसतं. कव्हरस्लिपवर, म्हणजे वरच्या पातळ काचेवर, सुईच्या टोकाने हलकेच टिचकी मारा, कण गडगडतो आणि डोक्याकडून दिसला की तिन्ही खाचा तीन बाजूंना उमटतात.

आता पेटीबद्दल. तिच्यात ‘कमळ’ लिहिलेली स्लाइड आहे. कणाला खाच एकच, आणि तीही कमरपट्ट्यासारखी भोवती फिरलेली. कमळाला तीन खाचा हव्यात, म्हणून मला शंका आली. लक्ष्मीपूजनाला खंडेराव मार्केटमधून कमळं आणली होती. त्यातल्या एकाचे पुंकेसर सोडवले, परागकोश ग्लिसरीनच्या थेंबात चिरडला, सॅफ्रनीन या लाल रंगाने रंगवला. तीन खाचा, स्वच्छ! पेटीतलं कमळ कमळ नाहीच, ते कुमुद, म्हणजे वॉटर लिली, आहे.

ही चूक बारीक नाही. दोघंही तळ्यात राहतात, पानंही तरंगतात, म्हणून पूर्वी एकाच कुळात घालायचे. परागकण आणि पुढे डीएनए वेगळंच सांगतात: कमळाचे जवळचे नातलग चिनार आणि प्रोटिया नावाची फुलझाडं, कुमुद मात्र सपुष्प वनस्पतींच्या अगदी जुन्या फांदीवरचं. मुलांना नेमकी हीच गोष्ट शिकवायची तर लेबल खोटं असून कसं चालेल? दुकानदारांना दोन्ही स्लाइड नेऊन दाखवल्या. त्यांनी शांतपणे पाहिलं, बनवणाऱ्याला कळवतो म्हणाले. अजून उत्तर आलेलं नाही. मग मी बाकीच्या चोवीसही तपासायला घेतल्या. दोन स्लाइडमध्ये बुडबुडे इतके की काही कळत नाही.

यंत्रातला एक दोषही सांगते. फोकस धरून ठेवला की दोन मिनिटांत स्टेज खाली घसरतं. मोठ्या चाकाजवळची कडी घट्ट केली की थांबतं, पण हे पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही.

यंत्राला पाचपैकी चार, पेटीला एक. ते हजार रुपये कोऱ्या स्लाइड, कव्हरस्लिप, ग्लिसरीन आणि सॅफ्रनीनवर घाला. फुलं फाटकाबाहेर मिळतीलच. माझी कमळाची स्लाइड मी ठेवली आहे, बडोद्यातल्या कुणा शिक्षकांना ताडून बघायची असेल तर घरी येऊन खुशाल बघा.